ओरखडे पडलेला तवा आणि कळकलेलं ताक

अकोल्याहून एका श्रोतीची व्हॉइस नोट आली आहे. घरच्या नॉनस्टिक तव्यावर ओरखडे पडलेत. ती म्हणते फेकून दे, आई म्हणते, "काहून फेकू? चांगला तर आहे!" आता कोणाचं ऐकायचं?

उत्तर देतो, पण आधी जरा मागे जाऊ. भांड्याचा आतला थर गेला तर त्यात शिजवायचं की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत टेफ्लॉनच्या खूप आधीपासून आहे. अमरावती-अकोल्याकडे स्टील घरोघरी यायच्या आधी पितळेची पातेली होती आणि दारावर येणारा कल्हईवाला होता. तो भात्याने निखारे फुलवायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा. भसकन पांढरा धूर निघायचा. मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने झरझर आतून फिरवायचा, की पातेलं चांदीसारखं. कापूस आपल्याकडे कमी नव्हताच.

कल्हई उडालेल्या भांड्यात अंबाडीची भाजी, कढी किंवा ताक ठेवलं, तर आंबटपणाने पितळेतलं तांबं अन्नात उतरतं. चव बिघडते, जास्त खाल्लं तर मळमळ, उलटी. यासाठी मराठीत वेगळं क्रियापदच आहे: कळकणे. ताक कळकलं, भाजी कळकली. म्हणजे आजीला प्रयोगशाळा लागत नव्हती, थर गेल्याचं जीभच सांगायची. आणखी एक नियम होता: कल्हईचं भांडं रिकामं विस्तवावर ठेवायचं नाही. कारण कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. हा आकडा लक्षात ठेवा.

आता टेफ्लॉन. ६ एप्रिल १९३८, अमेरिकेतलं न्यू जर्सी. ड्यूपॉन्ट कंपनीचा रॉय प्लंकेट फ्रीजमध्ये वापरायच्या वायूवर काम करत होता. वय २७, म्हणजे साधारण माझ्याएवढाच. सिलिंडर उघडला तर वायू येईना, पण वजन मात्र भरलेल्याइतकं. कापून बघितला तर आत पांढरी, मेणचट पावडर. तिला काही चिकटत नाही, आम्लाने तिला काही होत नाही. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या कारखान्यात युरेनियमचा जहाल वायू हाताळायला ती वापरली गेली. स्वयंपाकघरात ती आणली फ्रान्सच्या मार्क ग्रेगॉयरने. तो मासेमारीच्या सामानाला टेफ्लॉन लावायचा खटाटोप करत होता. बायकोने सुचवलं, माझ्या तव्याला लाव ना! त्यातून १९५६ मध्ये टेफाल कंपनी निघाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपले गाडगेबाबा गेले, ज्यांचं भांडं म्हणजे मातीचं एक गाडगं. सहज आठवलं म्हणून सांगितलं.

तर तव्याचं काय? टेफ्लॉनचा कण पोटात गेला तर तो शरीरात विरघळत नाही, जसा गेला तसा बाहेर पडतो. दोन-चार बारीक रेघा असतील तर आईचं बरोबर. पण थर पोपडे निघून उडतोय, खालचं ॲल्युमिनियम दिसतंय, तर मुलीचं बरोबर. अशा तव्यात आंबट शिजवलं की थोडं ॲल्युमिनियम अन्नात उतरतं, आणि पीठही चिकटतं, मग तो नॉनस्टिक कसला?

खरी काळजी ओरखड्याची नाहीच, आचेची आहे. साधारण २६० अंशांच्या वर टेफ्लॉन बिघडायला लागतं, अजून तापलं की धूर सोडतं. त्या धुराने माणसाला फ्लूसारखा ताप येतो आणि पिंजऱ्यातला पोपट मरू शकतो. रिकामा तवा मोठ्या गॅसवर काही मिनिटांत तिथे पोचतो. २३२ आणि २६०, फार लांब नाहीत. आजीचा रिकाम्या भांड्याचा नियम इथेही जसाच्या तसा लागू.

पण एक गोष्ट आजीच्या जिभेलाही कळली नसती. टेफ्लॉन बनवताना पीएफओए नावाचं रसायन वापरायचे. त्याला रंग नाही, चव नाही, आणि ते निसर्गात मोडतही नाही. तयार तव्यात ते जवळजवळ उरत नाही, ते कारखान्याबाहेरच्या पाण्यात जातं. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ विल्बर टेनंट या शेतकऱ्याच्या गाई एकामागून एक मेल्या. १९९९ मध्ये वकील रॉब बिलॉटने ड्यूपॉन्टवर खटला भरला. पुढे सुमारे ६९,००० लोकांचं रक्त तपासलं गेलं, आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांनी या रसायनाचा संबंध किडनी आणि वृषणाच्या कर्करोगासह सहा आजारांशी जोडला. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात पीएफओए जागतिक बंदीच्या यादीत गेलं. डब्यावर "पीएफओए फ्री" लिहिलेलं असतं ते यामुळे. तव्यावरचा थर मात्र बहुतेक वेळा टेफ्लॉनच्याच जातीचा असतो, हे तिथे लिहीत नाहीत.

आणि ही गोष्ट अमेरिकेत संपत नाही. इटलीत विचेंझाजवळ मितेनी नावाचा कारखाना याच कुळातली रसायनं बनवायचा. लाखो लोकांचं पिण्याचं पाणी दूषित झाल्याचं २०१३ मध्ये उघड झालं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. कारखान्याची यंत्रं लिलावात निघाली. ती घेतली आपल्या लक्ष्मी ऑरगॅनिकच्या उपकंपनीने, आणि ती आली रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत. यंत्रं तीच म्हणून रसायनंही तीच, असं म्हणता येत नाही. पण कल्हई उडाली की घरातल्या घरात कळायचं. लोट्याच्या पाण्यात काय आहे ते चाखून कळणार नाही, तपासावंच लागेल, आणि तपासणीचे आकडे लोकांसमोर ठेवावे लागतील.

खेड-चिपळूणकडून कोणी ऐकत असाल तर व्हॉइस नोट पाठवा. तुमच्याकडच्या पाण्याबद्दल पुढच्या भागात बोलू.