भिवंडीतील एका खोलीचा इतिहास

धामणकर नाका आणि कामतघर या भिवंडीच्या गजबजलेल्या भागांत, तसेच काल्हेर-कशेळीकडील नव्या वसाहतींत, आज जी लहान घरे विक्रीस काढलेली दिसतात, त्यांत निजणे, बसणे आणि रांधणे एकाच दालनात व्हावे, न्हाणीघर व शौचकूप मात्र स्वतःचे असावे, अशा रचनेचे घर ठळकपणे नजरेत भरते. जाहिरातीत त्यास स्टुडिओ अपार्टमेंट म्हणतात. दलाल आणि गिऱ्हाईक यांच्या तोंडी ते वन आरके असते. हे घर अर्वाचीन नागर राहणीचे अपत्य होय, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या गावात गेल्या दीड शतकात असंख्य श्रमिकांनी आपला सारा संसार एकाच खोलीत केला, त्या गावास एका खोलीचे अप्रूप असण्याचे कारण नाही. नवीन आहे तो त्या खोलीवरील स्वामित्वाचा हक्क. आणि तो कोणकोणत्या वळणांनी येथवर आला, हे पाहणे अगत्याचे आहे.

कामवारी नदीच्या आणि खाडीच्या आश्रयाने वाढलेली भिवंडी ही मूळची बंदराची पेठ. कल्याण व भिवंडी ही नावे इतिहासात जोडीनेच येतात. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाही अंमलातून हा मुलूख घेतला, तेव्हाही ही दोन्ही ठाणी बरोबरच स्वराज्यात आली. ब्राह्मण आळी, कासार आळी, बंदर मोहल्ला, निजामपुरा ही नावे त्या जुन्या पेठेच्या रचनेची साक्ष आजही देतात. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसू अशा ओळीने आत आत जाणारे घर हा तेथील सुस्थित कुटुंबाचा आदर्श होता. अशा घराची एखादी वरची खोली अलग करून ती परक्यास कायमची विकावी, ही कल्पना त्या काळच्या व्यवहारात बसणारी नव्हती. कारण खरेदीखतात चतुःसीमा लिहावयाच्या त्या जमिनीच्या, आणि दुसऱ्याच्या छपराखाली व तिसऱ्याच्या तक्तपोशीवर उभ्या असलेल्या खोलीस स्वतःची जमीन ती कोठली? पुढे १८५४ च्या मे महिन्यात आगगाडी ठाण्याहून कल्याणास पोहोचली, भिवंडी त्या मार्गापासून बाजूस राहिली, आणि बंदराचे महत्त्व ओसरत गेले.

बंदराने जे गमावले ते मागाने भरून काढले. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानात जी वाताहत झाली, तिच्यात देशोधडीला लागलेली मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेची वाट धरून मालेगावास आणि भिवंडीस आली; पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आणि पद्मानगर ही वस्ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. हातमागाच्या काळात विणकराचे घर आणि त्याचा कारखाना यांत भिंत नव्हती. जमिनीत खड्डा घेऊन त्यात पाय सोडून कर्त्या पुरुषाने धोटा फेकावा, घरातील बायकामुलांनी कांड्या भराव्यात, आणि त्याच जागेत चूलही पेटावी, असा तो क्रम होता. ती खोली हवेशीर किंवा सुखाची होती असे कोणी म्हणणार नाही. तथापि तीत राहणाऱ्याचे श्रम आणि त्याचा निवारा एकाच छताखाली त्याच्या स्वतःच्या ताब्यात होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेवर चालणारा माग आला आणि ही एकात्मता मोडली. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग येथे येऊन पुन्हा धडधडू लागले, आणि जागेचा भाव माणसाच्या गरजेने नव्हे, तर मागांच्या संख्येने ठरू लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांतून यंत्रमागाकडे आधीपासून वाहत असलेला कापडधंद्याचा ओघ अधिकच वेगवान झाला. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि आंध्र येथून एकटे पुरुष, बायकामुले गावी ठेवून, कामास येत राहिले. बारा बारा तासांची पाळी असल्यामुळे दिवसपाळीचा कामगार उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच पथारीवर आडवा होई. एका खोलीचे भाडे अनेकांत वाटले जाई, आणि महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणारी बिसी ही त्या खोलीचे स्वयंपाकघर बने. मनुष्य खोलीत राहत होता असे म्हणण्यापेक्षा तो खोलीतील काही तास भाड्याने घेत होता, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

या खोलीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न केवळ भिवंडीचा नव्हता. मुंबईत सरकारने १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळींतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची; पण तीत जन्म काढणाराही अखेर भाडेकरूच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे प्रमाण मानून भाडेकरूस बेदखलीपासून संरक्षण दिले, परंतु त्याच्या छायेत पगडीची प्रथा वाढली आणि जागेची खरी किंमत दस्तऐवजाबाहेर मोजली जाऊ लागली. या पगडीस कायद्याने उघड मान्यता दिली ती १९९९ मध्ये. एका इमारतीतील निवासस्थान हे स्वतंत्र मिळकत होऊ शकते, हा विचार सहकारातून आला. १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीस स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही त्याची आरंभीची पायरी, आणि १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा महाराष्ट्राचा कायदा हा त्याचा निर्णायक टप्पा. किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी बांधकाम करणाऱ्याने लेखी करार करून तो नोंदविला पाहिजे, असे या कायद्याने बजावले, आणि जमिनीवाचूनच्या खोलीस चतुःसीमा मिळाल्या.

परंतु कागदावरचा हक्क भिंतीस बळ देत नाही. भिवंडीत तळमजल्यावर माग आणि वर बिऱ्हाडे अशा इमारती पुष्कळ आहेत, आणि अहोरात्र चालणाऱ्या यंत्राचे हादरे त्यांच्या खांबांत उतरत असतात. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारतीचा भाग कोसळला आणि झोपेत असलेली चाळीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. या दुर्घटनेचे स्मरण ठेवल्यावाचून या शहरातील कोणत्याही घराचे मोल सांगणे मला अधर्म वाटतो.

२०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ७ लाख ९ हजारांवर गेली होती. सभोवार मानकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा या गावांतून गोदामांची रांग उभी राहिली, आणि २००७ मध्ये साठ गावांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले. गोदामातला कारकून, हिशेबनीस, नवविवाहित जोडपे, मुंबईचा भाव न झेपणारा नोकरदार, ही आजच्या एका खोलीची गिऱ्हाइके आहेत. त्यांच्या पदरी आता २०१६ चा स्थावर संपदा कायदा आहे, आणि त्याच्या आधारे प्रत्यक्ष वापरात येणारे चटईक्षेत्र तेवढेच मोजून मागण्याचा अधिकार आहे. तो त्यांनी निःसंकोच वापरावा. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हे ध्यानी धरून सातबारा, बिगरशेती परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र ही चारही कागदपत्रे पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. ज्या शहराने देशास कापड पुरविले, त्याच्या कष्टकऱ्यास उजेड, वारा, पक्की भिंत आणि निर्वेध खरेदीखत असलेली एक खोली मिळणे, ही चैन नसून दीड शतकाच्या थकलेल्या देण्याची फेड आहे. आणि ती फेड नियमाने करवून घेणे हे नगरपालनाचे प्रथम कर्तव्य आहे.