काळा पर शोधताना

अलास्काच्या बोटीवर जाणारी मराठी मंडळी आता कमी राहिलेली नाहीत. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला असते, आई-बाबा उन्हाळ्यात जातात आणि मुलं त्यांना सात दिवसांच्या क्रूझवर बसवून देतात. परत आलेल्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, ‘ऑर्का दिसला का?’ बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं. मग बर्फाचे फोटो दाखवले जातात, जेवणाचं कौतुक होतं.

ऑर्का म्हणजे किलर व्हेल. नावात व्हेल असला तरी तो डॉल्फिनच्या कुळातला. अंग काळं, पोट पांढरं, डोळ्यामागे पांढरा ठिपका. नराच्या पाठीवरचा पर सहा फुटांपर्यंत उंच, म्हणजे माझ्यापेक्षा उंच. मी विज्ञान शिकलेलो नाही. बी.ए. झालो आणि कवितेच्या नादी लागलो. पण हा प्राणी कुठे आणि केव्हा दिसेल हे माणसाला कसं कळत गेलं, त्याचा इतिहास वाचायला लागलो आणि त्यात अडकलो. कारण दिसण्याची शक्यता वाढवणारी जी काही माहिती आज आपल्या हाती आहे, ती मिळवण्याची सुरुवात बंदुकीपासून झाली आहे.

व्हँकुव्हर बेट आणि कॅनडाची मुख्य भूमी यांच्यामध्ये सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी खाडी आहे. पाणी तिथे इतकं जोरात वाहतं, की मोठी जहाजं भरती-ओहोटीमधल्या शांत वेळेची वाट बघून मगच जातात. १९६१ साली सरकारच्या मत्स्य खात्याने या खाडीवर मशीनगन बसवली. सॅमन मासे खाऊन कोळ्यांचं नुकसान करणारे ऑर्का मारायचे होते. प्रत्यक्षात त्या बंदुकीतून एकही गोळी सुटली नाही. पण कोळ्यांच्या रायफली थांबल्या नव्हत्या. पुढे जे प्राणी जिवंत पकडले गेले, त्यांतल्या अनेकांच्या अंगावर गोळ्यांचे व्रण सापडले.

१९६४ मध्ये व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाला ऑर्काचा पूर्णाकृती पुतळा हवा होता. पुतळ्यासाठी नमुना पाहिजे, म्हणून सॅम्युएल ब्युरिच या शिल्पकाराला सॅटर्ना बेटाच्या पूर्व टोकावर पाठवलं, एक ऑर्का मारून आणायला. (शिल्पकाराच्या हाती भाला! मला यावर एक कविता लिहायची होती, जमली नाही.) जुलैमध्ये भाला लागला, पण प्राणी मेला नाही. त्याला दोरीने ओढत व्हँकुव्हरला आणलं, मादी समजून ‘मोबी डॉल’ असं नाव दिलं. पन्नासहून अधिक दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. मग खाऊ लागला, आणि तीन महिने पुरे व्हायच्या आत ऑक्टोबरमध्ये मेला. मेल्यावर कळलं की तो नर होता. तरी तेवढ्या दिवसांत हजारो लोकांनी पाहिलं, की ज्याला आपण राक्षस म्हणत होतो, तो माणसाच्या हातून मासा घेतो.

हा शोध ऑर्कांना महाग पडला. प्राणी शांत आहे म्हटल्यावर तो विकता येतो. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह इथे मोठा कळप जाळ्यांत कोंडला गेला. पिल्लं वेगळी काढून विकली, काही जाळ्यात अडकून बुडाली. त्यातलीच एक टोकिटाए. मायामीच्या टाकीत तिने पन्नास वर्षांहून अधिक काळ काढला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती तिथेच गेली. त्या वर्षांत दक्षिणेकडच्या कळपांतून चाळीसहून अधिक प्राणी उचलले गेले, बहुतेक लहान. १९७६ नंतर वॉशिंग्टनच्या पाण्यातली ही पकड थांबली.

एकूण प्राणी आहेत किती, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. हजारो असतील, असं गृहीत होतं. कॅनडाचे शास्त्रज्ञ मायकेल बिग यांनी १९७१ मध्ये कोळी, दीपगृहांचे रखवालदार आणि नावाडी यांना सुमारे पंधरा हजार छापील अर्ज पाठवले. २६ जुलै या एका दिवशी जिथे ऑर्का दिसेल, तिथे नोंद करायची. उत्तरं आली त्यावरून हिशोब निघाला, दोनशे ते साडेतीनशे. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येकाच्या पराची कड आणि परामागचा खोगिरासारखा करडा डाग वेगळा असतो. जॉन्स्टन सामुद्रधुनीत पर फाटलेली एक मादी त्यांना पुन्हा पुन्हा भेटली. तिच्यापासून यादी सुरू झाली, ‘ए-१’. वरिष्ठांनी पुढे हे काम बंद केलं, तेव्हा बिग स्वतःच्या वेळात ते करत राहिले. १९९० मध्ये ते वारले. मेहनतीने केलेली खानेसुमारी माणसांचीही क्वचितच होते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या यादीतून जे उमगलं, ते बोटीवर उभं राहणाऱ्याच्या थेट कामाचं आहे. एकाच पाण्यात दोन वेगळ्या जमाती नांदतात. एक मासे खाणारी, मुख्यतः चिनूक सॅमन. ती आईभोवती गोतावळ्याने राहते, सतत बोलते. जॉन फोर्ड यांनी पाण्याखाली मायक्रोफोन सोडून ऐकलं, तेव्हा प्रत्येक कळपाची बोली वेगळी निघाली. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे तर एकाच खाडीत बदलते. दुसरी जमात सील आणि पाण्यातले इतर सस्तन प्राणी खाणारी. ती तीन-चारच्या टोळीने, अगदी चूपचाप फिरते, कारण सावजाला कान असतात. बिग यांना आधी वाटलं, ही कळपातून हाकललेली मंडळी असावीत. आज त्यांना बिग यांचंच नाव दिलेलं आहे.

हा फरक कळण्याआधीची एक गोष्ट सांगतो. मार्च १९७० मध्ये व्हिक्टोरियाजवळ पेडर बे इथे काही ऑर्का पकडले. त्यातल्या तिघांना तिथेच जाळ्यात ठेवून रोज मासे टाकले जात. ते खाईनात. पंच्याहत्तराव्या दिवशी एक मादी उपाशी मेली. मासा हे त्यांचं अन्नच नव्हतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. उरलेल्या दोघांनी आणखी चार दिवसांनी सॅमन तोंडात घेतला.

आता क्रूझचं बोलू. मुलगी सिएटलला असते म्हणून मी तिथून निघालो, पण माझा सल्ला व्हँकुव्हरहून निघण्याचा आहे. सिएटलची बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हरची जहाजं आतल्या वाटेने, सेमूर नॅरोज आणि जॉन्स्टन सामुद्रधुनीतून जातात. जुलै ते सप्टेंबर सॅमन या अरुंद पाण्यात शिरतात आणि उत्तरेकडचे मासेखाऊ कळप त्यांच्या मागे येतात. रॉब्सन बाइट इथे ते किनाऱ्यालगतच्या गुळगुळीत गोट्यांवर अंग घासतात. १९८२ पासून ती जागा राखीव आहे. अडचण अशी, की उत्तरेकडे जाणारं जहाज दुपारी निघतं आणि ही सामुद्रधुनी बरेचदा रात्री ओलांडतं. म्हणून परतीच्या प्रवासातली शेवटची संध्याकाळ सांभाळा. जेवण लवकर उरका. वारा नसेल तर नुसत्या डोळ्यांनी आधी पाणी चाळा, उडालेला वाफेचा झोत शोधा, मग दुर्बीण लावा. वरच्या डेकपेक्षा खालचा, पाण्याजवळचा डेक मला बरा वाटला. अंतर आणि उंची दोन्ही कमी होतात. अलास्कात सेवर्डला उतरणार असाल, तर मे-जूनमध्ये रिझरेक्शन उपसागरात छोट्या बोटीने अर्धा दिवस जरूर जा. मोठ्या जहाजाच्या सात दिवसांपेक्षा तो अर्धा दिवस अधिक देऊन जाण्याचा संभव आहे.

मला स्वतःला तिसऱ्या दिवशी सकाळी दोन पर दिसले. मोजून चार श्वास, मग पाणी. कॉफी हातात राहिली.

पूर्वी उन्हाळ्यात सॅन वॉन बेटाच्या लाइम किल्न दीपगृहाखाली उभं राहिलं, तरी दक्षिणेकडचे मासेखाऊ ऑर्का हमखास दिसत. आता ते तिथे फार कमी येतात. चिनूक घटला, जहाजांच्या आवाजात शिकार अवघड झाली, अंगात विषारी द्रव्यं साठली. २००५ मध्ये अमेरिकेने त्यांना संकटग्रस्त ठरवलं. आज ते सत्तर-पंचाहत्तरच्या घरात आहेत. २०१८ मध्ये त्यांच्यातली एक आई मेलेलं पिल्लू डोक्यावर घेऊन सतरा दिवस पोहत राहिली. उलट सील वाढले, तशी सीलखाऊ टोळ्यांची ये-जा वाढली. त्यामुळे आज तुम्हाला तिथे ऑर्का दिसलाच, तर तो बहुधा त्यांच्यापैकी असेल. वॉशिंग्टनमध्ये २०२५ पासून दक्षिणेकडच्या कळपांपासून बोटींना हजार यार्ड दूर राहावं लागतं. काही पर्यटक कुरकुर करतात. मला हा नियम योग्य वाटतो. आणि किनाऱ्यावरून बघायला कोणाची हरकत नाही. सॅटर्नाचं पूर्व टोक, जिथून १९६४ मध्ये भाला सुटला, तेही अशा बघण्यासाठी आज उत्तम ठिकाण आहे.

यादीचा उपयोग किती, हे मार्च १९८९ नंतर कळलं. एक्सॉन व्हाल्डीझ जहाज अलास्कात फुटलं आणि तेल पसरलं. तेव्हा तिथल्या एका सीलखाऊ गटात २२ प्राणी होते. त्यांचे फोटो आधीच काढलेले असल्यामुळे त्यातले नऊ नाहीसे झाल्याचं नावानिशी सांगता आलं. आज तो गट सातच्या आसपास आहे, आणि १९८४ पासून त्यात एकही पिल्लू जन्मलेलं नाही.

तुमच्या नशिबाने ऑर्का आलाच, तर श्रोतेहो, एक लक्षात ठेवा. फोटो डाव्या अंगाचा घ्या, पर आणि त्यामागचा करडा डाग दोन्ही येतील असा. बिग यांच्या काळापासून तिथली यादी डाव्या बाजूवरून लावतात.