परवान्याचे भाषांतर

अमेरिकेत लेकीकडे जायचे ठरले तेव्हा वाशीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. मुदत फक्त १ वर्ष! मंडळी, नाव भारदस्त असले तरी तो आपल्या लायसन्सचे भाषांतरच. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला किंमत नाही.

ही सोय १९२६ च्या पॅरिस करारातली. महायुद्धानंतर १९४९ मध्ये जिनिव्हात नवा करार झाला, भारत त्यात १९६२ साली आला. २०२२ पासून देशभर परवान्याचा नमुना एकच, त्यावर क्यूआर कोड.

तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायचे धाडस काही झाले नाही. "आजोबा, मी नेतो ना तुम्हाला," नातू अडखळत मराठीत म्हणाला. परवाना पिशवीतच राहिला. आता रोज फोनवर त्याच्याशी मराठीतच बोलतो. मूळ जवळ हवेच ना!