गाडीनं आपला ठावठिकाणा कुणाला सांगावा?

आलापल्लीहून भामरागडकडे जाताना ट्रक बंद पडला, की क्लीनर आधी रस्त्याकडेच्या दोन-चार डहाळ्या तोडतो. गाडीच्या मागे पन्नास-साठ पावलांवर त्या टाकतो आणि शेजारी दोन धोंडे ठेवतो. मागून येणाऱ्या ड्रायव्हरला रस्त्यात हिरवी पानं दिसली, की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. पानं कोमेजलेली असतील, तर गाडी बऱ्याच वेळापासून उभी आहे हेही त्याला कळतं. या निरोपाला टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, सरकारी परवानाही लागत नाही.

एका गाडीनं दुसऱ्या गाडीला सावध करण्याचं हेच काम रेडिओलहरींनी करायचं, यावर जगात पंचवीसेक वर्षं धोरणं आखली जात आहेत. इंग्रजीत याला 'कनेक्टेड व्हेइकल' म्हणतात. ती धोरणं वाचायची मला सवय लागली आहे. त्यांतली चित्रं बहुतेक शहरी चौकांची असतात: सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग, काचेच्या इमारती. मी चंद्रपूरचा, त्यामुळे वाचताना डोळ्यांसमोर मात्र सागाच्या जंगलातला एकेरी डांबरी रस्ता येतो. त्या रस्त्यावरून पाहिलं, की या सगळ्या तंत्रज्ञानाच्या मुळाशी एक साधा प्रश्न दिसतो. गाडीनं आपला ठावठिकाणा कुणाला सांगावा?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं जगून पाहिली आहेत.

स्टेशन मास्तरला

पहिलं उत्तर रेल्वेचं. चंद्रपूरला तेव्हा 'चांदा' म्हणत. आजचं नाव १९६४ पासूनचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून रूळ आले. १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशा हा दुवा पूर्ण झाला आणि दिल्ली–मद्रास रेल्वेमार्ग याच जंगलातून जोडला गेला.

एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर काय होईल, हे सांगायला नको. त्यावरचा उपाय होता तार आणि 'गोळा'. दोन स्टेशनांमधल्या टप्प्याचा एकच गोळा एका वेळी यंत्रातून बाहेर निघायचा. तो कड्यात अडकवून चालत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचे. गोळा हातात नसेल तर पुढं जायचं नाही. गाडी स्वतः काही बोलत नव्हती. तिच्या वतीनं दोन स्टेशन मास्तर तारेवरून बोलत, आणि गोळा म्हणजे त्यांच्या संमतीचा पुरावा.

रस्त्यावरच्या गाड्यांना अशी सोय मिळाली नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानं तारसंदेशांची मक्तेदारी सरकारकडे ठेवली. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणंच गुन्हा ठरवलं. स्वातंत्र्यानंतरही हे दोन्ही कायदे चालू राहिले. त्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा थेट २०२३ मध्ये आला. मधल्या काळात ट्रक ड्रायव्हरकडे बोलण्यासाठी काय होतं? हॉर्न, डिपर, खिडकीबाहेर काढलेला हात आणि डहाळी. ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' ही त्याच भाषेतली एक विनंती होती. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं त्या मजकुरावर बंदी घातली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं. कारण योग्यच होतं. पण हॉर्नऐवजी गाडीनं कसं बोलावं, याचं उत्तर त्या आदेशात नव्हतं.

कुणालाच नाही

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी पावणेअकरा लाख. जिल्हा जन्मला तेव्हा नक्षलवादी दलम गोदावरी-प्राणहितेच्या पलीकडून या जंगलात येऊन स्थिरावू लागले होते. १९९० मध्ये पोलिसांचं सी-६० पथक उभं राहिलं.

या संघर्षात गाडीचा ठावठिकाणा ही जिवाची गोष्ट झाली. रस्त्याखाली सुरुंग पेरून ठेवलेला असे. गाडी कधी निघाली, कुठल्या मोरीपर्यंत आली, एवढं समोरच्याला कळलं की पुरे. मार्च २०१२ मध्ये धानोरा तालुक्यात पुस्टोल्याजवळ सीआरपीएफची गाडी सुरुंगात सापडली. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाला, कुरखेडा तालुक्यात आदल्या रात्री रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली. त्यानंतर शीघ्र कृती पथकाचे जवान एका खासगी गाडीतून निघाले होते. जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला. १५ जवान आणि गाडीचा चालक असे १६ जण गेले.

त्यामुळं या भागात दुसरं उत्तर रुजलं: ठावठिकाणा कुणालाच सांगू नये. पोलीस गाडी टाळून जंगलातून मैलोन्‌मैल पायी चालत. ठेकेदार निघण्याची वेळ सांगत नसत. खबरी फोन करतील या संशयानं मोबाइलचे टॉवर जाळले जात. शहरात नेटवर्क नसणं ही गैरसोय असते. इथं कित्येक वर्षं नेटवर्क असणंही भीतीचं कारण होतं.

टॉवर आले ते सरकारनं लावून धरल्यामुळे. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नक्षलग्रस्त राज्यांत २,१९९ ठिकाणी टॉवर उभारायला मंजुरी दिली. तंत्रज्ञान होतं टू-जी. त्यांचं फोर-जीत रूपांतर करायचा निर्णय २०२२ चा. त्याच वर्षी जुलैमध्ये देशातल्या नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली. या आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. टॉवरची मोजणी गावागणिक होते, रस्त्यागणिक नाही. दोन गावांत नेटवर्क आलं, तरी मधला पंधरा किलोमीटरचा रस्ता मुकाच राहतो. आणि अपघात होतात ते रस्त्यावर.

दूरच्या ऑफिसला

तिसरं उत्तर दिल्लीतून आलं. डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर सार्वजनिक वाहनांत संकटाच्या वेळी दाबायचं बटण आणि गाडीचा माग सांगणारं यंत्र असावं, अशी मागणी जोर धरू लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत '१२५-एच' हा नियम आला. त्यासाठीच्या यंत्राचं मानक म्हणजे 'एआयएस-१४०'. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ते सक्तीचं झालं. रिक्षा त्यातून वगळल्या.

एसटीत बसल्यावर खिडकीजवळचं लाल बटण तुम्ही पाहिलं असेल. त्यामागचं यंत्र उपग्रहांकडून स्थान घेतं आणि मोबाइल नेटवर्कवरून ते नियंत्रण केंद्राला पाठवतं. नेटवर्क नसेल तर? मानक लिहिणाऱ्यांनी याचा विचार केला आहे. यंत्रात किमान ४०,००० नोंदी साठवता आल्या पाहिजेत आणि नेटवर्क आलं की त्या मागाहून पाठवल्या गेल्या पाहिजेत. डेटा चालत नसेल तर संकटाचा संदेश एसएमएसनं जावा, अशीही तरतूद आहे.

हे चांगलं आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. एसएमएसलाही टॉवर लागतोच. सिरोंच्याच्या रस्त्यावर जिथं टॉवर पोचत नाही, तिथं दाबलेलं बटण गाडी पुढच्या टॉवरखाली जाईपर्यंत मुकं असतं. आणि गाडी जागेवरच अडकली असेल, तर साठवलेल्या ४०,००० नोंदी नंतरच्या चौकशीच्या कामाच्या, त्या क्षणाच्या मदतीच्या नाहीत.

चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात 'वेकोलि'च्या खाणींतून निघणाऱ्या ट्रकवरही जीपीएस आलं. वाळू-मुरूम वाहणाऱ्या गाड्या राज्याच्या 'महाखनिज' प्रणालीशी जोडल्या गेल्या. पण ही सोय चोरी पकडण्यासाठी आहे. ट्रक ठरलेला रस्ता सोडून गेला तर ऑफिसातल्या पडद्यावर कळतं. त्याच ट्रकसमोर वळणावर सायकल आली, तर पडदा काही बोलत नाही.

२०२१ पासून सुरजागडच्या लोहखनिजाची नियमित वाहतूक सुरू झाली आणि एटापल्ली–आलापल्ली–आष्टी या रस्त्याचं रूप पालटलं. एकेकाळी दिवसाला मोजक्या गाड्या पाहणाऱ्या गावांसमोरून अवजड ट्रकांची रांग जाऊ लागली. त्यातून अपघात झाले, रास्ता रोको झाले. दुसऱ्या टोकाला, १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचं उद्घाटन झालं आणि अहेरी–गर्देवाडा एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर त्या गावांत आलेली ती पहिली एसटी. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीसारख्या वरिष्ठ माओवादी नेत्यानं गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. 'कुणालाच नाही' या उत्तरामागची भीती ओसरते आहे आणि गाड्या वाढत आहेत. म्हणजे प्रश्न नव्यानं विचारायची वेळ हीच.

शेजाऱ्याला

चौथं उत्तर अजून इथं आलेलं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीनं ५.९ गिगाहर्ट्झजवळचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा वाहनांच्या आपसांतल्या संवादासाठी राखून ठेवला. युरोपनं २००८ मध्ये ५.८७५ ते ५.९०५ गिगाहर्ट्झ हा पट्टा ठरवला. जपाननं वेगळी वाट धरून ७६० मेगाहर्ट्झ निवडला. अमेरिकेत वीस वर्षं पट्टा जवळजवळ रिकामा पडून राहिला. कुठलं तंत्र वापरायचं, वायफायच्या घराण्यातलं की मोबाइलच्या, यावरून वाद चालू राहिला. शेवटी २०२० मध्ये त्यातले ४५ मेगाहर्ट्झ वायफायला गेले आणि ३० उरले, तेही मोबाइल घराण्यातल्या तंत्रासाठी. राखून ठेवलेली जागा वेळेत वापरली नाही तर ती हातची जाते, हा त्यातला धडा.

या तंत्रात प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं स्थान, वेग आणि दिशा आसपासच्या काहीशे मीटरवर सांगते. ऐकणारी दुसरी गाडी असते, मध्ये कुणी नसतं. मोबाइल घराण्यातल्या तंत्रातही थेट बोलण्याचा एक प्रकार आहे, त्याला टॉवर लागत नाही. शहरासाठी आखलेल्या या तंत्राचा हा गुण जंगलातच जास्त मोलाचा आहे. ही डहाळीच, फक्त वळणापलीकडून दिसणारी.

पण इथं ते जसंच्या तसं चालणार नाही. एक तर बोलायला दोघं लागतात. दिवसातून एकदा जाणारी गर्देवाड्याची एसटी कुणाशी बोलणार? दुसरं, इतक्या उच्च वारंवारितेच्या लहरी पानांत अडतात, ओल्या पानांत अधिकच. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो आणि पावसाळ्यात त्याची पानं सुपाएवढी होतात. मे महिन्यात घेतलेली चाचणी ऑगस्टमध्ये खोटी ठरेल. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला निघालेली बाई, गुराखी, शाळेत जाणारी सायकल आणि रस्ता ओलांडणारा वाघ यांच्यापाशी कुठलंच यंत्र नसतं.

म्हणून इथली आखणी उलट्या टोकानं करावी लागेल, असं मला वाटतं. सुरुवात खनिज वाहणाऱ्या ट्रकांपासून व्हावी. ते पुष्कळ आहेत, रोज त्याच रस्त्यावर आहेत, धोकाही तेच निर्माण करतात आणि खर्च त्या धंद्यावर टाकणं न्याय्य आहे. मग एसटी आणि रुग्णवाहिका. आंधळी वळणं, आठवडी बाजार, आश्रमशाळा आणि पर्लकोटेसारखे दर पावसाळ्यात बुडणारे पूल इथं सौरऊर्जेवरचे खांब हवेत. बाजाराच्या खांबानं येणाऱ्या ट्रकला 'वेग कमी कर' सांगावं, आणि ट्रक येतोय हे दिवा लावून पायी माणसालाही सांगावं. चाचणी ऐन पावसाळ्यात व्हावी.

जांभुळखेडा विसरूनही चालणार नाही. सतत स्वतःचा ठाव सांगणारी गाडी कुणीही ऐकू शकतं. म्हणूनच अमेरिका-युरोपच्या रचनेत गाडी खरं नाव न सांगता वारंवार बदलणाऱ्या टोपणनावांनी बोलते. इथं त्यापुढं जाऊन, कुणाच्या गाडीला गप्प राहायचा अधिकार आहे आणि खांबांनी ऐकलेलं किती तासांनी पुसायचं, हे नियमातच लिहिलेलं हवं. नाहीतर शेजाऱ्यासाठीचं यंत्र पुन्हा दूरच्या ऑफिसचं होईल.

खांब कुठं रोवायचे, हे ठरवण्याची वाट कायद्यात आधीच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) रस्ते, दूरसंचाराच्या तारा अशा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन वळती करू देतं, आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. हा कायदा आल्यावर देशात सामूहिक वनहक्क सर्वांत आधी मिळवलेल्या गावांत गडचिरोलीचं मेंढा-लेखा आहे. तिथं निर्णय मतदानानं होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा चालते. अशा सभेत ही योजना मांडणाऱ्या अधिकाऱ्याला गिगाहर्ट्झबद्दल कुणी विचारणार नाही. ट्रक ट्रकशी बोलेल, पण माझ्या पोरीच्या सायकलीला काय सांगेल, असं विचारलं जाईल. त्याचं उत्तर आराखड्यात असेल, तर पुढचं सगळं सोपं आहे.