ताटातलं परकं कोण?

थाय भाषेत मिरचीला म्हणतात 'फ्रिक' आणि काळ्या मिरीला 'फ्रिक थाय'. ऐकायला विचित्रच वाटतं. जी घालून अख्खा देश स्वयंपाक करतो ती मिरची नुसती फ्रिक, आणि थायपणाचा शिक्का मात्र मिरीवर! पण मराठी माणसाला याचा उलगडा व्हायला वेळ लागू नये. 'फ्रिक' हा शब्द मुळात मिरीचाच. समुद्रापलीकडून मिरची आली, तिखटपणात मिरीच्या पुढे गेली आणि तिचं नावही घेऊन बसली. मग जुन्या मिरीला 'आपली इथली' असं विशेषण लावायची पाळी आली. आपल्याकडेही तेच घडलं. फरक इतकाच, की आपण मिरीचं नाव मिरीलाच ठेवलं आणि नव्या पाहुणीचं त्याच शब्दावरून 'मिरची' असं बारसं केलं.

मला हे कळलं बँकॉकमधल्या विद्यापीठाच्या कँटीनमध्ये. इंग्लंडमधून एका सत्रासाठी, स्टुडंट एक्स्चेंजवर, मी तिथे गेले होते. आमच्या घोळक्यातली युरोपियन मुलं प्रत्येक ताटलीकडे संशयाने बघायची आणि मी जरा टेचात असायची. मिरची, चिंच, शेंगदाणे, नारळाचं दूध, कोथिंबीर, भात: यात न ओळखण्यासारखं काय आहे? अडायचं ते वासापाशी. 'नाम प्ला' हा माशांचा खारवलेला रस जवळजवळ सगळ्यात असतो. 'कपि' नावाचा जांभळट गोळा असतो (नाव ऐकून हसू येतं, वानराशी संबंध नाही). आणि 'प्ला रा' म्हणजे महिनोन् महिने मुरवलेले मासे. तुम्हीही तिथे गेलात तर तुमच्या मनात ताटाची अशीच वाटणी होईल: हे आपल्या ओळखीचं, ते परकं. गंमत अशी, की सयामचा इतिहास हीच वाटणी बरोबर उलटी करून मांडतो.

ओळखीच्या गोष्टींपासून सुरुवात करू. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला, पुढच्याच वर्षी मलाक्का. मलाक्का हातात येताच आल्बुकर्कने दुआर्ते फर्नांदिश नावाचा माणूस सयामच्या राजाकडे, अयुथ्येला पाठवला. (अयुथ्या म्हणजे आपली अयोध्याच, १३५१ साली वसवलेली आणि १७६७ साली बर्मी फौजांनी उद्ध्वस्त केलेली राजधानी.) १५१६च्या करारानंतर पोर्तुगीज तिथे व्यापार करू लागले, पुढे त्यांची वस्तीही झाली. अमेरिका खंडातली मिरची सयामला पोहोचली ती याच पोर्तुगीज व्यापारामुळे, असं इतिहासकार मानतात. म्हणजे कोल्हापूरच्या ठेच्यातली आणि बँकॉकच्या 'नाम फ्रिक'मधली मिरची एकाच घराण्यातली, आणि दोन्हीकडे साधारण सारख्याच वेळी उतरलेली. शेंगदाणा, पपई, बटाटा, टोमॅटो ही मंडळीही मूळची अमेरिकेचीच. बटाट्याला थाय माणूस 'मन फरांग' म्हणतो, फिरंग्यांचा कंद. पेरूला तर नुसतंच 'फरांग'. म्हणजे फळवालीकडे अर्धा किलो गोरे साहेब मागायचे!

टोमॅटोचं नाव याहून मजेदार आहे: 'मखुआ थेत', म्हणजे परदेशी वांगं. यातलं 'थेत' म्हणजे आपलं 'देश'. प्रवासात कुठेतरी त्याचा अर्थ पालटला आणि देश म्हणजे परदेश झाला. मसाल्यांनाही 'ख्रुअंग थेत' म्हणतात, परदेशी वस्तू. दालचिनी, लवंग, जिरं, धणे यांचा वास आला की आपण हरखतो, 'घरचं' म्हणतो. तिथे त्या डब्याच्या नावातच बाहेरचेपण लिहिलेलं आहे. हे मसाले सगळ्यात ठळक दिसतात ते 'मस्समन' या रस्स्यात. मस्समन म्हणजे मुसलमान. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणातल्या कोम शहराचा शेख अहमद नावाचा व्यापारी अयुथ्येला आला, राजाच्या दरबारात मोठ्या पदाला चढला आणि त्याच्या वंशातून बुन्नाग हे सयामचं बडं घराणं निघालं. अशा लोकांच्या सहवासात हा रस्सा जन्मला, असं मानलं जातं. दुसरा राम या राजाने केलेल्या पक्वान्नांच्या स्तुतिकाव्यात मस्समनचा मान मोठा आहे. आज त्यात बटाटा आणि शेंगदाणेही असतात. माझ्या पहिल्या आठवड्यातला तो सगळ्यात 'आपला' पदार्थ होता, आणि सगळ्यात जास्त मुलुखांतून गोळा झालेला.

गोडाचीही तीच कथा. 'फोय थोंग', सोनेरी धागे, हे थाय लग्नातलं शुभ मिष्टान्न. पाकात सोडलेल्या अंड्याच्या बलकाच्या शेवया. पोर्तुगालात हाच पदार्थ 'फियुश द ओव्हुश' म्हणून करतात. तो सयामला आणण्याचं श्रेय मारिया गियोमार हिला देतात. पोर्तुगीज, जपानी आणि बंगाली अशा मिश्र कुळातली ही बाई नाराय राजाच्या ग्रीक मंत्र्याची, कॉन्स्टंटाइन फॉल्कनची बायको. १६८८च्या उठावात नवऱ्याचं शिर गेलं, ती कैदेत पडली आणि पुढे राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला लागली. सगळं श्रेय एकटीला देणं मला जरा गोष्टीतलं वाटतं. पोर्तुगीज वस्तीत हे गोड आधीही होतच असणार. पण बेबिंकेत किती बलक जातात हे ठाऊक असलेल्या माणसाला फोय थोंगची नातलग मंडळी लगेच ओळखू येतात.

आता वासाकडे वळू. सुखोथाईच्या राम खामहेंग राजाच्या नावाने प्रसिद्ध असलेला शिलालेख १२९२ सालचा मानतात. त्यावरचा आकडा आहे शके १२१४. होय, आपल्या पंचांगातलाच शक. राज्याची भरभराट सांगताना त्यात पाण्यातल्या माशांचा आणि शेतातल्या भाताचा दाखला दिलेला आहे. नारळ, फणस, आंबा, चिंच यांच्या बागाही येतात. पुढे १६८७ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा वकील सिमों द ला लुबेर सयामला आला. त्याच्या ग्रंथातही सयामी माणसाचं जेवण म्हणजे भात आणि मासा, आणि तोंडी लावायला 'कपि'. कोळंबीच्या जातीचे जीव कुजवून केलेलं हे कालवण लोकांना फार प्रिय, असं त्याने नोंदवलं आहे. म्हणजे ज्या वासापाशी आम्ही नाक मुरडत होतो तोच त्या ताटाचा मूळ रहिवासी.

आणि कपि कशाची करतात? मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून मुरवलेल्या बारीक कोळंबीची. कोकणातल्या वाचकाने आता हसायला हरकत नाही. हा आपला जवळा! अगदी तोच नसला तरी सख्खा चुलतभाऊ. आमच्याकडे तो वाळवून डब्यात जातो, तिथे कुटून बरणीत.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना इथेच देते, कारण तो प्रश्न येणारच. शाकाहाराला थाय शब्द आहे 'मंगसविरत', म्हणजे मांसविरती. अन्नाला 'आहान', जे लिहिताना ते 'आहार' असंच लिहितात. शब्द इतके ओळखीचे असले तरी त्यांवर विसंबू नका, नाम प्ला मागच्या दाराने येतोच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं असेल तिथे जा. ही चिनी स्थलांतरितांची परंपरा. त्यात मांस-मासा तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या आजीलाही तिथे जेवता येईल.

प्ला राची गोष्ट मात्र थोडी सावकाश सांगायला हवी. तो ईसान प्रांताचा. ईसान म्हणजे आपली ईशान्य. थायलंडचा तो कोपरा, जिथली बहुसंख्य माणसं लाओ बोलीची. पठार कोरडं, जमिनीखाली खनिज मिठाचे थर. पावसाळ्यात नद्या-शेतं माशांनी भरतात, मग पाणी ओसरतं आणि पुढचे कित्येक महिने टंचाई. म्हणून मासे मीठ आणि भाजलेल्या तांदळाची भरड किंवा कोंडा लावून मडक्यात मुरवायचे. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून त्याआधी बोंबील-सुकटीची बेगमी. तिथे पावसानंतरची बेगमी. गरज तीच.

माझ्या खोलीतली मुलगी ईसानमधल्या खोन केनची. आईने दिलेली प्ला राची बरणी ती तीन पिशव्यांत गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवायची आणि मी बाहेर गेल्यावरच उघडायची. बँकॉकच्या वर्गमैत्रिणी त्या वासावरून काय बोलतात ते तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. मला नवल वाटलं नाही. इंग्लंडमधल्या आमच्या सामायिक घरात मी एकदा सुके बोंबील भाजले होते. कोणी काही बोललं नाही, फक्त खिडक्या उघडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर 'वास येणारे पदार्थ करू नयेत' अशी नम्र चिठ्ठी लागली. तुमच्यापैकी किती जणांनी फोडणी देण्याआधी दार लावून घेतलं असेल, ते तुम्हीच मोजा. परदेशात हे होणार असं आपण गृहीत धरतो. हिच्यावर ते स्वतःच्याच देशाच्या राजधानीत आलं होतं.

त्यामागे इतिहास आहे. १९३८च्या अखेरीस फिबुन सोंगखराम पंतप्रधान झाला. १९३९ साली त्याने सयामचं नाव बदलून थायलंड केलं आणि 'रत्थनियोम' नावाची फर्मानं काढायला सुरुवात केली. 'रत्थ' म्हणजे राष्ट्र. त्यातल्या एकाने सांगितलं की उत्तरेचे, ईसानचे, मुसलमान असले भेद बोलायचे नाहीत, सगळ्यांना फक्त 'थाय' म्हणायचं. याच राजवटीत, महायुद्धाच्या आणि १९४२च्या पुराच्या टंचाईत, सरकारने नूडल्स खाण्याचा प्रचार केला. पाड थायचा उदय याच काळाशी जोडला जातो. आता हा पदार्थ उलगडून बघा. तांदळाच्या शेवया चिनी, त्यांचं 'कुअय तिआव' हे नाव चिनी, कढईत परतण्याची रीत चिनी, टोफू चिनी, शेंगदाणे आणि मिरची अमेरिकेची. चवीपुरता नाम प्ला, चिंच आणि ताडगूळ. त्याच सरकारने चिनी व्यापाऱ्यांवर निर्बंध घातले होते, आणि शेवयांना मात्र 'थाय' हे आडनाव मिळालं. मडक्यातल्या प्ला राला ते कोणी दिलं नाही.

पुढे रस्ते झाले. १९५८ साली अमेरिकेच्या पैशांतून सराबुरी ते नाखोन राचसीमा हा मित्रफाप महामार्ग तयार झाला. 'मित्रफाप' म्हणजे मित्रभाव आणि 'राचसीमा' म्हणजे राजसीमा. तिथे पाट्या वाचत बसलं तरी वेळ छान जातो. ईसानची माणसं टॅक्सी चालवायला, इमारती बांधायला, घरकाम करायला बँकॉकला येत राहिली आणि त्यांच्याबरोबर कच्च्या पपईचं 'सोम तम' आलं. आज बँकॉकच्या चकचकीत मॉलमध्येही ते मिळतं, आणि प्ला रा बाटलीत भरून सुपरमार्केटच्या फळीवर उभा आहे.

सोम तमच्या गाडीपाशी गेलात की मातीच्या उखळात लाकडी मुसळाचा आवाज चालू असतो. बाई विचारतील, 'तम थाय' की 'तम लाव'? तम थाय गोडसर, त्यात शेंगदाणे आणि सुकी कोळंबी. तम लावमध्ये प्ला रा, शेंगदाणे नाहीत. पपई दोन्हीकडे तीच. मग मिरच्या किती, हा प्रश्न येईल. त्या बोटाच्या पेराएवढ्या मिरचीचं नाव आहे 'फ्रिक खी नू', उंदराच्या लेंडीची मिरची. 'आम्ही कोल्हापूरचे' असं मनात म्हणत पाच सांगू नका, दोन पुरतात. आम्ही दोघी तम लाव आणि चिकट भाताची टोपली घ्यायचो, भाताचे गोळे हातानेच करून रश्श्यात बुडवायचो. सत्राच्या शेवटच्या महिन्यात बरणी कपाटातून टेबलावर आली होती.