तिकिटावरचा दुसरा आकडा : परभणी ते लंडन, प्रवासीकराची वाटचाल

१/ परभणीच्या बसस्थानकावर मिळणारे एस.टी.चे तिकीट आणि मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाचे तिकीट यांत एक साम्य आहे. दोन्हींवरील रकमेचा काही भाग वाहतूक करणाऱ्याचा नसतोच. तो केवळ वसूल करून पुढे पोचवतो. परदेशी मुलाकडे निघालेले आईवडील 'स्वस्त' विमान शोधतात, तेव्हा नेमका हाच भाग हिशेबातून निसटतो. तो तिकिटात कसा शिरला, त्याचा हा इतिहास. 🧵

२/ आरंभ निजामी राजवटीपासून करावा लागतो. परभणीवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. १९३० मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे विकत घेतली. जून १९३२ मध्ये रेल्वेच्याच अखत्यारीत २७ गाड्यांची सरकारी बससेवा निघाली आणि १९४५ मध्ये टाटांच्या सहभागाने 'डेक्कन एअरवेज' स्थापन झाली. आगगाडी, मोटार आणि विमान एकाच राज्याच्या छत्राखाली आले. रेल्वे आणि बसचे भाडे राज्याच्याच खजिन्यात पडत असल्याने भाडे कोठे संपते आणि कर कोठे सुरू होतो, ही सीमारेषा पुसटच होती.

३/ पुढे ही छत्री मोडली. १९५१ मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि डेक्कन एअरवेजचे स्वतंत्र अस्तित्व संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. वाहतूक एकाकडे, तिजोरी दुसऱ्याकडे अशी विभागणी झाली आणि प्रवाशावरील कर स्वतंत्रपणे दिसू लागला.

४/ १९५७ मध्ये संसदेने रेल्वे-प्रवासभाड्यावर कर बसवला. त्याचे उत्पन्न राज्यांना मिळायचे होते. १९६१ मध्ये हा कर रद्द झाला, परंतु प्रवाशाच्या खिशावरील भार उतरला नाही. कराची रक्कम मूळ भाड्यात मिसळण्यात आली आणि राज्यांना त्याऐवजी वर्षाला १२.५ कोटी रुपयांचे अनुदान ठरले. कराचे नाव गेले, रक्कम मात्र भाड्याच्या पोटात राहिली.

५/ रस्त्यावर हेच १९५८ मध्ये घडले. मुंबई राज्याने मोटारवाहनांतील प्रवाशांवर कर बसवणारा कायदा केला. महाराष्ट्रात एस.टी.च्या प्रवासावर पुढे १७.५ टक्के प्रवासीकर आकारला जाऊ लागला. जिंतूरहून परभणीला बाजारासाठी येणारा शेतकरी तिकिटाच्या पैशांत हा करही भरत आला. पण तो आपण भरतो, याची जाणीव फार थोड्यांना असते.

६/ १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले. त्यांच्या साहाय्यासाठी केंद्राने टपाल, रेल्वेप्रवास आणि देशांतर्गत विमानप्रवास या तिन्हींवर कर लावला. पत्रावर चिकटवण्याचे पाच पैशांचे वेगळे तिकीट अनेक घरांतील जुन्या पत्रांवर आजही दिसते. संकटकाळात प्रवाशाकडे वळणे सरकारला सोपे जाते. तिकीट घेतल्याशिवाय प्रवास नाही, म्हणून वसुली चुकत नाही.

७/ १९७९ मध्ये परदेश प्रवासकर आला : सामान्यतः १०० रुपये, शेजारी देशांसाठी ५० रुपये. १९८९ मध्ये देशांतर्गत विमानभाड्यावर १० टक्के कर बसला. हे दर पुढे वाढत अनुक्रमे ५०० रुपये आणि १५ टक्क्यांवर गेले. जानेवारी २००४ मध्ये दोन्ही रद्द झाले. नव्या स्वस्त विमान कंपन्या ज्या काळात उभ्या राहत होत्या, त्याच काळात हा भार उतरला. तिकिटे स्वस्त होण्याचे श्रेय केवळ कंपन्यांना देताना ही गोष्ट विसरली जाते.

८/ पण सरकारे इंधनाऐवजी प्रवाशावरच कर का लावतात? उत्तर १९४४ च्या शिकागो करारात आहे. परदेशातून आलेल्या विमानाच्या टाकीतील इंधनावर शुल्क घेऊ नये, असे तेथे ठरले. पुढे देशादेशांतील द्विपक्षीय करारांनी ही सूट विमानतळावर भरलेल्या इंधनालाही दिली. इंधनाला हात लावता येईना, तेव्हा कराचे ओझे आसनावर बसलेल्या माणसाकडे सरकले.

९/ ब्रिटनने नेमके हेच केले. १ नोव्हेंबर १९९४ पासून तेथून उडणाऱ्या प्रवाशावर कर लागू झाला : युरोपसाठी ५ पौंड, अन्यत्र १० पौंड. नोव्हेंबर २००९ पासून तो लंडन ते गंतव्य देशाची राजधानी या अंतरावर आकारला जाऊ लागला. मुंबईला जा वा चेन्नईला, अंतर मोजायचे ते दिल्लीचे. २०१४ मध्ये भारतासाठी साध्या वर्गाचा दर ८५ पौंडांवर पोचला होता. चौघांच्या कुटुंबाला केवळ कराचेच ३४० पौंड. २०१५ मध्ये तो ७१ पौंडांवर आला; पुढे पुन्हा चढत २०२५ मध्ये ९० आणि १ एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड झाला.

१०/ यातील मर्म असे की हा कर ब्रिटनमध्ये उतरताना नव्हे, तेथून निघताना लागतो. म्हणजे परभणीकर आईवडिलांच्या परतीच्या फेरीवर. साध्या वर्गात कंपनी महाग असो वा स्वस्त, दर एकच. म्हणूनच भाडे जितके कमी, तितका एकूण रकमेतील कराचा वाटा मोठा. १६ वर्षांखालील मुलांना साध्या वर्गात २०१६ पासून हा कर माफ आहे.

११/ लांब पल्ल्याचे स्वस्त विमान ही कल्पनाही जुनीच. सप्टेंबर १९७७ मध्ये फ्रेडी लेकर यांनी लंडन-न्यूयॉर्क प्रवास ५९ पौंडांत सुरू केला; फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी बुडाली. 'नॉर्वेजियन'ने २०२१ मध्ये लांबचे मार्ग सोडले. जवळच्या मार्गावर विमान दिवसातून अनेक फेऱ्या करून पैसा वाचवते. आठ-दहा तासांच्या उड्डाणात ती युक्ती चालत नाही आणि इंधनाचा खर्च सर्वांना सारखाच. मग बचत उरते ती सामान, जेवण आणि आसननिवड वेगळी विकण्यात. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची उड्डाणे सुरू केली, तीही या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर पाहावीत.

१२/ प्रवाशाचा पैसा प्रवाशाकडे परतल्याचेही उदाहरण आहे, तेही परभणीच्या शेजारी. 'उडान' योजनेतील पहिल्या उड्डाणांत २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद मार्ग होता. साधारण तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांवर २,५०० रुपयांची मर्यादा होती. ती शक्य व्हावी म्हणून मोठ्या शहरांमधील उड्डाणांवर अधिभार बसवण्यात आला. मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाने नांदेडच्या प्रवाशाचा भार थोडा उचलला.

१३/ तेव्हा तिकिटाचे तुकडे वेगळे करून वाचावेत. मूळ भाडे आणि इंधन अधिभार कंपनीचे. अधिभार हा शब्द करासारखा भासला तरी तो कर नव्हे. विमानतळ विकास शुल्क विमानतळाचे. वस्तू व सेवा कर आणि परदेशी प्रवासीकर सरकारांचे. दोन कंपन्यांची तुलना करायची, तर सामानासह अंतिम रकमेचीच करावी.

१४/ या विभागणीला व्यावहारिक अर्थ आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार भाडे 'परत न मिळणारे' असले, तरी तिकीट रद्द केल्यास किंवा प्रवास न केल्यास वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क परत करावे लागते. ब्रिटिश करही उड्डाण न केल्यास देय होत नाही. तो मागावा, काही कंपन्या त्यातून सेवाशुल्क कापतात एवढेच. जो प्रवास झालाच नाही त्याचा कर कोणाचाच नसतो. आजारपणामुळे लंडनची वारी हुकलेल्या घराला निदान एवढे तरी मागता यावे, यासाठी तिकिटावरचा दुसरा आकडा वाचता आला पाहिजे.