स्वच्छ पाण्यात उपाशी मरणारा पाहुणा

चार दिवसांपासून आपल्याकडच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. पिसांचा एक झुपका हात वरखाली करत समुद्रात पोहतोय, अन् खाली कोणीतरी ‘समुद्री फूल’ असं लिहून टाकलंय. दोन पोट्ट्यांनी मला विचारलंही, “सर, हे घरच्या टाकीत ठेवता येते का?” उत्तर मोठं आहे, म्हणून इथंच लिहितो.

ते फूल नाही, प्राणी आहे. इंग्रजीत फेदर स्टार म्हणतात. तारामासा आणि समुद्रकाकडी हे त्याचे भाऊबंद. या कुळाचा इतिहास जवळपास 48 कोटी वर्षांचा आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर जो चुनखडक आहे, त्यात याच्या पूर्वजांचे तुकडे सापडतात. इंग्लंडमध्ये त्यांच्या देठांच्या दगडी चकत्यांना लोक ‘सेंट कथबर्टचे मणी’ म्हणत अन् दोऱ्यात ओवत. आपल्या पायाखालीही चुनखडक आहे, त्याच्याच जिवावर गडचांदूरचे सिमेंट कारखाने चालतात. पण त्यात हे मणी शोधू नका. आपला पैनगंगेचा चुनखडक त्या कुळाच्याही कितीतरी आधीचा. तेव्हा इथं समुद्र होता, पण असे प्राणी जन्मालाच आले नव्हते.

या प्राण्याची ओळख पटायलाही वेळ लागला. 1823 मध्ये आयर्लंडच्या कॉर्क बंदराजवळ जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरला इंचाहून लहान, देठावर उभा असलेला एक जीव मिळाला. त्यानं ती नवी जात म्हणून छापली. मग तो बघत राहिला, अन् 1836 मध्ये त्यानंच दाखवून दिलं की ते तर फेदर स्टारचं पिल्लू आहे! लहानपणी देठाला बांधलेलं, मोठं झालं की देठ सोडून मोकळं. मला या माणसाचं कौतुक वाटतं, कारण स्वतः केलेलं बारसं त्यानं स्वतःच मोडलं.

आपल्याकडं हे काम ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजानं केलं. त्यावर आल्फ्रेड अल्कॉक नावाचे डॉक्टर होते, ते समुद्राच्या तळातून जीव काढून कोलकात्याच्या इंडियन म्युझियमला देत. तिथल्या संग्रहावर अमेरिकेच्या ऑस्टिन क्लार्कनं 1912 मध्ये हिंदी महासागरातल्या या कुळाचा ग्रंथ लिहिला. अर्थात ते सगळे नमुने मेलेले.

जिवंत ठेवायचं म्हटलं की खरी गोम कळते. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. तेव्हापासून टाकीचा इतिहास म्हणजे पाणी स्वच्छ ठेवण्याचा इतिहास. 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक टाकून पाणी राखायची रीत मांडली. पुढं जर्मनीतल्या हौशी लोकांनी प्रोटीन स्किमर रूढ केला, म्हणजे फेसासोबत पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र. प्रवाळ जगू लागले, कारण बऱ्याच प्रवाळांच्या अंगात शेवाळ असतं आणि दिव्याच्या उजेडावर ते त्यांना अन्न पुरवतं.

फेदर स्टारच्या अंगात तसं काही नाही. तो हात पसरून प्रवाहात बसतो. प्रत्येक पिसाच्या काडीवर बारीक चिकट पाय असतात, ते वाहत येणारे सूक्ष्म जीव अन् कण पकडतात आणि खाचेतून तोंडापर्यंत सरकवतात. हे रात्रभर, रोज. आपण ज्याला घाण म्हणून गाळून टाकतो, त्यातच त्याची भाकर आहे. बरं, खाद्य ओतावं तर पाणी सडते अन् बाकीचे मरतात. न ओतावं तर हा मरतो. आधी एकेक हात गळतो, मग काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत संपतो. दुकानदार मात्र रंग दाखवून विकतो.

म्हणजे कोणाला जमतच नाही असं नाही. जपानच्या मिसाकी केंद्रात शास्त्रज्ञांनी एका जातीला अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत वाढवलंय. पण तिथं दाराशी समुद्र आहे. आपल्याकडं उन्हाळ्यात गुड्यावर प्यायच्या पाण्याची बोंब असते बाप्पा, खारं पाणी कुठून आणता? अन् दुकानात जो येतो तो बहुतेक समुद्रातूनच उचललेला असतो.

आता यात सार्वजनिक काय? मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झालं, 2015 मध्ये नूतनीकरण होऊन उघडलं, अन् करोनात बंद पडलं. नव्या मत्स्यालयांच्या घोषणा तेव्हापासून ऐकतोय. पैसा आपल्या सगळ्यांचा आहे, जिवतीच्या माणसाचाही. तो खर्च करताना टाकीत काय ठेवणार आणि ते किती दिवस जगणार, हे आधी विचारलं पाहिजे. 2001 मध्ये प्रवाळ आणि समुद्रकाकडी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. आपल्या चंद्रपूरकरांना वाघाचं वेगळं सांगायला नको. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा अँग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे, साधारण वीस मीटर पाण्याखाली, प्रवाळानं भरलेला. माझं मत विचाराल तर मत्स्यालयाच्या एका मोठ्या टाकीचा खर्च तिथल्या राखणीला जावा, अन् पोट्ट्यांना त्याचा चांगला व्हिडिओ शाळेत दाखवावा.

त्या दोघांना मी गप्पी मासे आणायला सांगितलंय. डासांची अळी खातात, नळाचं पाणी रात्रभर ठेवून वापरलं तरी चालते.